दुसऱ्या फोटोची वेळ : रोजगार हमीच्या कामावरचा एक मृत्यू आणि हवामानाचा हक्क

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस सुरू असताना, पूर्व विदर्भातल्या एका गावात माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावाचा गाळ काढण्याचं रोजगार हमीचं काम चालू होतं. त्या कामावरची पन्नाशीतली एक भूमिहीन बाई दुपारी तलावाच्या पाळीवर कोसळली आणि दिवस मावळण्याआधी वारली. विधी सेवा समितीच्या वतीने तिच्या कुटुंबाचं प्रकरण माझ्याकडे आलं. कुटुंबाच्या संमतीने ते इथे मांडते आहे. नावं, गाव आणि तालुका दिलेला नाही.

हवामान बदलावरचे खटले गेल्या दहा वर्षांत जगभर खूप झाले आणि त्यांतले बरेच मानवी हक्कांच्या आधारावर लढले गेले. ते वाचताना खेड्यातल्या वकिलाला नेहमी एकच अडचण दिसते : पृथ्वीचं तापमान आणि आपल्या पक्षकाराचं मरण यांच्यामधली साखळी कोर्टात जोडायची कशी? या प्रकरणावर काम करताना माझं मत असं झालं की बहुतेक वेळा ती साखळी जोडावी लागतच नाही. ऊन येणार हे सरकारला आधीच माहीत होतं, आणि तरी सरकारच्याच आदेशाने माणूस उन्हात थांबला, एवढं दाखवता आलं तर जगण्याच्या हक्काचा दावा उभा राहतो.

घटना

काम सकाळी सातला सुरू व्हायचं. गाळ खणायचा, घमेल्याने पाळीवर नेऊन टाकायचा, आणि चौकडीच्या, म्हणजे खणलेल्या चौकोनी खड्ड्याच्या मापाप्रमाणे मजुरी. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजाचा दर २९७ रुपये होता. बायकांच्या या गटाची चौकडी साडेदहा-अकराच्या सुमारास पुरी झाली होती. म्हणजे काम संपलं होतं आणि त्या घरी जाऊ शकत होत्या. पण हजेरी मोबाईलच्या ॲपवर लागते. तिच्यासाठी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढावा लागतो, एक सकाळी आणि दुसरा दुपारी, आणि फोटोवर वेळ व ठिकाण आपोआप नोंदवलं जातं.

"रोजगार सेवक म्हने, दुसरा फोटो होयेपर्यंत कोनी जाऊ नोका, नाही तं हजेरी लागत नाही," सुनेने मला सांगितलं. ती त्याच गटात होती.

या रोजगार सेवकाला मी दोष देत नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा गावातलाच पोरगा आहे तो. फोटो चुकला तर मजुरांच्या शिव्या आणि वरून नोटीस, दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

पाळीवर सावलीला दोन-तीन पळसं होती. प्यायचं पाणी ज्याने-त्याने घरून कॅनमध्ये आणलेलं, दहा वाजेपर्यंत कोमट झालेलं. एकच्या सुमारास बाई असंबद्ध बोलू लागली. सुनेचं नाव विसरली, "बैल सोडा, बैल सोडा" म्हणत राहिली. घरी बैल कधीचेच नव्हते. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरने केसपेपरवर लिहिलं : ताप १०६, बडबड, नंतर बेशुद्ध. ओल्या चादरी गुंडाळल्या, सलाईन लावलं, १०८ ची गाडी बोलावली. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत जीव गेला होता. तिथल्या रजिस्टरला 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद झाली. शवविच्छेदन करायचं तर पोलिसांत मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद दाखल करावी लागेल आणि प्रेत उद्या मिळेल, असं कुणीतरी सांगितलं. त्या उन्हात प्रेत रात्रभर ठेवायला घरचे तयार नव्हते. त्यांनी ते घरी नेलं. पुढे मृत्यूच्या कारणाच्या कागदावर आलं : हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे.

हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो. ते कशामुळे बंद पडले ते लिहिणं म्हणजे कारण लिहिणं. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुना ४ मध्ये त्यासाठीच खाली-खाली ओळी दिलेल्या असतात : तात्कालिक कारण, त्यामागचं कारण, आणि मुळातलं कारण. या कागदावर खालच्या ओळी कोऱ्या होत्या.

कागद

कुटुंब आलं ते 'काही लाभ मिळते का' हे विचारायला. त्यांना हवामान बदलाशी काही देणंघेणं नव्हतं आणि मीही पहिल्या भेटीत तो शब्द काढला नाही. आधी कागद गोळा करायचे होते.

माहितीच्या अधिकारात मस्टर, म्हणजे हजेरीपट मागवलं. त्या दिवशी तिच्या नावापुढे हजेरीच नव्हती. दुसऱ्या फोटोत ती नाही, म्हणून ती कामावर नव्हती. म्हणजे ज्या फोटोसाठी ती थांबली, त्यातच नसल्यामुळे तिचा रोज गेला आणि कामावर मेल्याचा पुरावाही गेला. मग ॲपवरचे मूळ फोटो मागितले. बरेच दिवस पाठपुरावा करून सकाळचा फोटो मिळाला. गटात डावीकडून तिसरी, डोक्याला ओला दुपट्टा, हातात घमेलं. खाली वेळ आणि अक्षांश-रेखांश. सरकारच्याच यंत्राने काढलेला हा फोटो आणि सिस्टरच्या हातचा तो '१०६' चा आकडा, या दोन गोष्टींवर हे सगळं प्रकरण उभं आहे.

१०६ फॅरनहाइट म्हणजे ४१ सेल्सियसच्या वर. शरीराचं तापमान ४० च्या पुढे आणि जोडीला भ्रम किंवा बेशुद्धी, ही उष्माघाताची वैद्यकशास्त्रातली ओळख आहे. शवविच्छेदन झालं असतं तर बरंच झालं असतं, पण उष्माघात शरीरात अशी हमखास खूण ठेवत नाही की जी पाहून डॉक्टर छातीठोक सांगेल. परिस्थिती, त्या दिवशीचं हवामान, कामाचं स्वरूप आणि मरणाआधीचा ताप, यांवरूनच निदान होतं. म्हणून ग्रामीण भागातल्या आशाताईंना आणि सिस्टरांना मी आता एकच विनंती करते : काहीही करण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसह लिहा.

हवेच्या तापमानाचा पुरावा वेगळाच त्रास देतो. याच काळात, ३० मे २०२४ ला, नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. असा आकडा याचिकेत घातला की समोरचा वकील तेवढाच धरून बसतो. आम्ही आकड्यांच्या नादी लागलो नाही. हवामान खात्याने त्या आठवड्यात विदर्भासाठी दिलेले उष्णतेच्या लाटेचे इशारे जोडले. तापमान किती होतं यापेक्षा प्रशासनाला आधी कळलं होतं की नाही, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचं.

आणि इथेच प्रशासनाचेच दोन आदेश एकमेकांवर आदळतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दर उन्हाळ्यात सांगतं की दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका. रोजगार हमीचं ॲप सांगतं की दुपारचा फोटो दिल्याशिवाय रोज मिळणार नाही. मजुराने ऐकायचं कुणाचं? ज्याच्या हातात पैसे आहेत त्याचंच तो ऐकणार. याखेरीज २००५ च्या मनरेगा, म्हणजे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचं सुरक्षित पाणी, विश्रांतीसाठी सावली आणि प्रथमोपचार पेटी देण्याचं स्पष्ट बंधन होतंच.

हक्क कुठून आणायचा

आपल्याकडे हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत मान्य केला. एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार हे ते प्रकरण, माळढोक पक्ष्याचं. राजस्थान आणि गुजरातमध्ये विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून तारा जमिनीखालून न्याव्यात, असा २०२१ चा अंतरिम आदेश होता. सौरऊर्जेला अडथळा होतो म्हणून तो २०२४ मध्ये सैल करण्यात आला, आणि ते करताना सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं की अनुच्छेद १४ म्हणजे समानता आणि अनुच्छेद २१ म्हणजे जीविताचा हक्क, यांतून हवामान बदलापासून संरक्षणाचा हक्क निघतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीच्या बाजूला माळढोक दिसायचा, त्यामुळे हा निकाल इथल्या लोकांना समजावून सांगणं सोपं जातं. पण त्या निकालात हक्क सांगितला आहे. तो कुणी, कसा पाळायचा याचे आदेश नाहीत. नुसता हा परिच्छेद उद्धृत करून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभं राहिलं तर पहिला प्रश्न येईल : मग आम्ही नेमका काय हुकूम करू?

त्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत जास्त पाकिस्तानातल्या एका प्रकरणात सापडलं. असगर लेघारी हा शेतकरी २०१५ मध्ये लाहोर उच्च न्यायालयात गेला. त्याने नवा कायदा मागितला नाही, उत्सर्जन किती टक्के कमी करा असंही म्हटलं नाही. सरकारचं २०१२ चं हवामान धोरण आहे आणि ते तुम्ही राबवत नाही, एवढंच त्याचं गाऱ्हाणं. न्यायालयाने ही दिरंगाई नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर आघात करणारी मानली आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला आयोग नेमला. आपल्याकडे २०१७ मध्ये रिधिमा पांडे या मुलीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात केलेल्या अर्जात कार्बनचं देशव्यापी अंदाजपत्रक वगैरे मोठ्या मागण्या होत्या. पर्यावरण परवानगीच्या प्रक्रियेत हवामानाचा विचार होतोच असं म्हणत २०१९ मध्ये तो निकाली काढण्यात आला. मोठं मागणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण गावातून येणाऱ्या प्रकरणाला लेघारीचा रस्ता जवळचा आहे.

उन्हाचं थेट प्रकरण म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध स्त्रियांचं. ९ एप्रिल २०२४ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उष्णतेच्या लाटांमध्ये म्हाताऱ्या बायका जास्त मरतात आणि सरकार पुरेसं करत नाही, हा त्यांचा मुद्दा. तिथे चार बायकांचे वैयक्तिक अर्ज मात्र टिकले नाहीत; एकट्या व्यक्तीला 'पीडित' ठरवण्याची कसोटी फार कडक ठेवली गेली, संघटनेला दार उघडलं. आपल्याकडे उलट आहे. जनहित याचिकेला दार पूर्वीपासून मोकळं आहे, पण तिच्यातून बहुधा मार्गदर्शक सूचना निघतात. एका घरातल्या एका मरणाचा हिशेब मागायचा तर त्या घरानेच यावं लागतं. म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या : कुटुंबाची मागणी स्वतंत्र, आणि कामाच्या वेळांबद्दल ग्रामसभेचा ठराव स्वतंत्र. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हवामानाबाबत राज्यांवर कायदेशीर बंधनं आहेत असं सल्लागार मत दिलं. मसुद्यात त्याचा उल्लेख आहे, पण त्यावर आमची मदार नाही.

ठरावाच्या ग्रामसभेत एक आजोबा उठून म्हणाले, "ऊन काय आजचं आहे का आपल्या इकडं? आमचे बाप याच उन्हात खपले." हाच युक्तिवाद सरकारी वकीलही करेल, फक्त भाषा वेगळी असेल. ऊन जुनं आहे, हे खरंच. पण आजोबांचे वडील उन्हाळ्यात पहाटे शेतात जात आणि दहाला घरी येत. त्यांना दुपारी कुणी फोटोसाठी थांबवत नव्हतं. आणि जिथे ऊन जुनं, तिथे ते येणार हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच उरत नाही.

वीज, वाघ आणि ऊन

या प्रकरणातला मला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा अनुच्छेद १४ चा आहे, आणि तो गावात कुणालाही लगेच कळतो.

त्याच पाळीवर, त्याच दुपारी तिच्या अंगावर वीज पडली असती तर कुटुंबाला ४ लाख रुपये मिळाले असते, कारण महाराष्ट्राने वीज कोसळणं ही राज्यापुरती आपत्ती मानली आहे. तलावामागच्या जंगलातून वाघ आला असता तर वनखात्याकडून २५ लाख. उन्हाने मेली, म्हणून शून्य. त्या वर्षी उष्णतेची लाट ना केंद्राच्या आपत्तींच्या यादीत होती, ना महाराष्ट्राच्या. शेतकरी अपघाताची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, पण ती खातेदार आणि त्याच्या घरच्यांसाठी. हिच्या नावावर काय, सासऱ्याच्या नावावरही कधी सातबारा नव्हता. ज्याच्याकडे जमीन नाही तोच सर्वांत जास्त वेळ दुसऱ्याच्या उन्हात राबतो, आणि नेमका तोच प्रत्येक योजनेच्या बाहेर राहतो.

यादी बदलणं राज्याच्या हातात आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतली १० टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' त्यात घातलाच की, आणि ते योग्यच केलं. ओडिशा आणि केरळने उष्णतेची लाट घातली, तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये घातली, तेलंगणाने २०२५ मध्ये. प्राणहितेच्या अलीकडे मेलेला माणूस आणि पलीकडे मेलेला माणूस यांत सरकारी मदतीचा एवढा फरक पडतो. त्याच तेलंगणात रोजगार हमीच्या कामाच्या मापातही उन्हाळ्यात सूट देण्याची पद्धत होती, मे महिन्यात ३० टक्क्यांपर्यंत. सीमेवरच्या गावांना हे चांगलं ठाऊक आहे. सोयरिकी आहेत तिकडे.

सरकारचं उत्तर काय असेल ते मला दिसतं. यादीत काय घालायचं हा धोरणाचा विषय आहे, त्यात न्यायालयाने पडू नये. पंधराव्या वित्त आयोगानेही यादी वाढवली नव्हती. हे उत्तर कमकुवत नाही. 'उष्णतेची लाट आपत्ती म्हणून जाहीर करा' असा थेट हुकूम उच्च न्यायालय देईल, अशी आशा मी कुटुंबाला दाखवलेली नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्वतःहून उष्णतेच्या मृत्यूंची दखल घेतली, भरपाईबद्दल कडक शब्दांत बजावलं. तो आधार आहे, पण बंधनकारक नाही.

जास्त उपयोगी पडेल तो करोनाच्या काळातला निकाल. ३० जून २०२१ च्या रीपक कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली मदतीचे किमान निकष ठरवणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. रक्कम न्यायालयाने ठरवली नाही. पुढे ती ५० हजार ठरली. त्याच निकालात दुसरी गोष्ट होती, जिच्याकडे कमी लक्ष जातं : करोनाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर खरं कारण यावं आणि चुकलं असेल तर दुरुस्तीची सोपी वाट असावी. उन्हाच्या मृत्यूंना नेमकी हीच वाट हवी. कागदावर मृत्यू उन्हाचा नसला की आकडा शून्य दिसतो, आकडा शून्य दिसला की आपत्ती नाही, आणि आपत्ती नाही म्हणून मदत नाही.

आतापर्यंत

हरित न्यायाधिकरणात आम्ही गेलो नाही. त्याच्या कक्षेतल्या कायद्यांच्या यादीत ना रोजगार हमी आहे, ना आपत्ती व्यवस्थापन. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते, ती मुदत सांभाळून अर्ज पाठवला. रिट, म्हणजे उच्च न्यायालयाचा सरकारला हुकूम, मागण्याआधी अधिकाऱ्याकडे रीतसर मागणी करून नकार घ्यावा लागतो, म्हणून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं.

कार्यालयाचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं : सदर महिला त्या दिवशी कामावर हजर नव्हती, कामाच्या ठिकाणी सर्व सुविधा उपलब्ध होत्या, आणि उष्माघात अधिसूचित आपत्तीत मोडत नाही. सकाळचा फोटो जोडून पुन्हा अर्ज केला तेव्हा पहिला मुद्दा मागे घेण्यात आला. तिचा त्या दिवसाचा रोज मुलाच्या खात्यात जमा झाला. सुनेने ते पैसे काढलेले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात काम सकाळी सहाला सुरू झालं, पाळीवर हिरव्या नेटचा मांडव आला, पाण्याचा टँकर आला. दुसऱ्या फोटोबद्दल लेखी काहीच मिळालं नाही. तोंडी मात्र 'बघून घ्या' असं सांगितलं गेलं. तोंडी सवलत अधिकारी बदलला की संपते, म्हणून ग्रामसभेने ती लेखी मागणारा दुसरा ठराव केला आहे.

नमुना ४ च्या दुरुस्तीचा अर्ज फेटाळला गेला. शवविच्छेदन नसताना कारण बदलता येत नाही, असं त्यावर लिहून आलं. हा लेखी नकार आमच्या कामाचा आहे. नागपूर खंडपीठासाठीच्या याचिकेचा मसुदा त्यावरच बेतला आहे आणि त्यात मागण्या तीनच ठेवल्या आहेत. केसपेपरवरचा ताप आणि परिस्थिती पाहून मृत्यूचं कारण पुन्हा तपासावं आणि अशा दुरुस्तीची पद्धत जिल्ह्यात ठरवून द्यावी. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी दुपारच्या हजेरीची अट लागू करू नये. आणि वीज पडून गेलेल्याला मिळते ती मदत उन्हाने गेलेल्याला का नाही, याचा निर्णय राज्याने कारणांसह, मुदतीत द्यावा. सुनेने प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. सिस्टरच्या जबाबासाठी तिच्या वरिष्ठांची परवानगी मागितली आहे, ती अजून आलेली नाही.